पत्र्यावरचा धोंडा

मित्रांनो, मी एक काळा, जुना धोंडा. दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा. कोयनेच्या पात्रात पडून राहिलो असतो तर कुणाचं काही वाकडं केलं नसतं. पण माणसांना आमचं सुखानं पडणं बघवत नाही.

कराडला नदीकाठी आबांचं पत्र्याचं घर होतं. आबा फौजेतून निवृत्त झालेले. काठावरची हवा दमट, तिथे लोखंड टिकत नाही. पत्रा वाशाला धरून ठेवणारे हूक चार पावसाळ्यांत गंजून तुटले. नवे घालायचे सोडून आबांनी मला खांद्यावर आणलं आणि पत्र्यावर ठेवलं. माझ्या जोडीला आणखी धोंडे आले. सरळ रेषेसाठी दोरी ताणून आबांनी आम्हाला एका रांगेत बसवलं, जणू कवायतच. गल्लीत कौतुक झालं आणि मीही फुगून बसलो.

आबांच्या बायकोला, चंद्राबाईंना, मात्र ते कधीच पटलं नाही.

"आवं, हूक घाला की. डोक्यावर धोंडं घिऊन झोपायचं व्हय?"

"धोंडा गंजत न्हाई," आबा म्हणायचे. "लय भरवशाचा हाय."

वर्षं गेली. त्यांच्या मुलाला, मिलिंदला, मुलगी झाली, स्वप्ना. तिची झोळी बांधली ती नेमकी माझ्याखालच्या वाशाला. तिथं नको म्हणून ओरडावंसं वाटलं, पण धोंड्याला तोंड कुठलं?

शहाण्णव सालच्या मे महिन्यात भर दुपारी वळवाचा वारा सुटला. त्यानं चिंचेच्या फांद्या मोडल्या, शेजारचा गोठा उचलून नदीत फेकला. मग तो आमच्या पत्र्याखाली शिरला. मोकळा पत्रा धाडधाड आपटू लागला. प्रत्येक दणक्याला मी उडायचो, घसरायचो, आणि धरायला मला हात नव्हते. शेवटी पत्रा फाटून उलटा झाला आणि मी वाशांमधून सरळ झोळीवर सुटलो.

चंद्राबाईंनी झोळी हिसडून बाजूला लोटली. पोर वाचली, पण त्यांचा उजवा हात माझ्याखाली सापडला. हाड मोडलेलं मी ऐकलं. जमिनीवर रक्त, माझ्या अंगावर रक्त, झोळीत पोर किंचाळत होती. मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच किळस आली.

हाताला प्लॅस्टर घालून चंद्राबाई दवाखान्यातून परतल्या, त्या दिवशी आबा घण घेऊन माझ्यावर तुटून पडले. ठिणग्या उडाल्या, टवके उडाले. ते घाव घालत होते आणि रडत होते.

चंद्राबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. "त्याला कशापायी मारताय?" त्या म्हणाल्या. "त्यो काय आपल्या पायानं चढला व्हता व्हय? तुमी ठिवला, त्यो बसला."

आबांनी घण खाली ठेवला आणि पत्र्यावरचे उरलेले धोंडे उतरवायला शिडी लावली.

चंद्राबाईंचा हात पुढे पुरता बरा झालाच नाही. भाकरी थापायला आता डावाच चालतो. म्हणून सांगतो मित्रांनो, गंजलेला हूक वेळेवर बदला, त्याच्या जागी आम्हाला बसवू नका. आम्ही कुणाचे वैरी नाही. पण एकदा सुटलो की आम्हाला थांबता येत नाही.