बटणावरचं बोट काढा

मी बोलतोय. नवल वाटेल, कारण जन्मभर मी दुसऱ्यांचंच बोलणं इकडून तिकडे पोचवत आलो. स्वतःचं म्हणून एक अक्षर कधी तोंडातून काढलं नाही. मी वॉकीटॉकी. सध्याचा मुक्काम स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या ड्रॉवरमध्ये, सुतळीचा गुंडा आणि तुटकी कात्री यांच्या शेजारी.

आम्ही दोघं जुळे भाऊ. एकाच खोक्यातून बाहेर पडलो आणि थेट एका उंच इमारतीच्या बांधकामावर गेलो. भाऊ वर क्रेनमध्ये, मी खाली मुकादमाच्या हातात. सहा वर्षं "डावीकडे... अजून थोडं... बास" एवढीच आमची विद्या. पण त्या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. माझ्या कुशीतलं बटण दाबलं की बोलता येतं, पण दाबलेलं असताना ऐकू काही येत नाही. बोलून झालं की बोट काढायचं. इतकी साधी गोष्ट, पण पुढे मला भेटलेल्या एकाही शहाण्या माणसाला ती पाळता आली नाही.

इमारत उभी राहिली, आम्ही जुन्या बाजारात गेलो आणि तिथून मिस्त्रींच्या घरी आलो. मिस्त्री म्हणजे गॅरेजवाले. त्यांची एक चार दारांची जुनी गाडी होती. कधीकाळी मुलांना शाळेत सोडणारी. मागची सीट काढून, लोखंडी पिंजरा बसवून त्यांनी ती शर्यतीची केली होती. शर्यतही साधी नाही, चोवीस तासांची. आज दुपारी चारला निघायचं, उद्या दुपारी चारला झेंडा पडेपर्यंत पळायचं. घरात वापरतात तसल्याच गाड्या, पण दिवसभर न थकणाऱ्या. चारशे फेऱ्या भरल्या तरच शर्यत पुरी केल्याचं मानतात.

मिस्त्रींची गाडी दोन वर्षं अर्ध्यातूनच परत आली होती. आणि पुढच्या वर्षापासून वीस वर्षांवरच्या गाड्यांना मनाई. म्हणजे जे काय व्हायचं ते यंदाच.

त्यांचा थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी आळीपाळीने चालवणार. जावई चाकं बदलणार. भाऊ गाडीत, आणि मी पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या गाळ्यात, मुलांच्या आईच्या हातात. बाकी कोणाचे हात तेलकट नसतील तर गुंतलेले असत.

आई देवभोळी. तिने मनाशी नेम धरला होता: दर फेरीला एकदा देवाचं नाव घ्यायचं, चारशे वेळा. नेम उत्तम. पण नाव घेताना तिचा अंगठा आपोआप माझ्या बटणावर घट्ट बसायचा. मग ते नाव मुलाच्या हेल्मेटमध्ये, तेही ऐन वळणावर.

"आई, बोट काढ," थोरला म्हणायचा.

"अरे, देवाचं नाव आहे, तुझं काय बिघडतंय?"

"माझं काही नाही. पण मी बोललेलं तुला ऐकू येत नाही."

"तू मग सांग ना परत."

माझी बॅटरीही अशीच गळत होती. मी मनातल्या मनात ओरडत होतो. मनातल्या मनात, कारण मला दुसरी सोय नाही.

आता त्या घराची एक रीत सांगायला हवी. तुमच्याही घरी असेल. निघताना "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं. मुलं लहान होती तेव्हा चुकून कोणी "जाते" म्हणालं की आई दारातून परत बोलवायची, पाटावर बसवायची आणि पुन्हा नीट निघायला लावायची. त्यामुळे गाडी पिटमधून सुटली की माझ्यातून आवाज यायचा, "येतो गं." आई म्हणायची, "ये, सावकाश ये." रात्र याच संवादावर पार पडली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास थोरला टायर बदलून घाईत निघाला आणि "येतो" म्हणायचं विसरला. आईला ते लागलं. "न सांगताच गेला," ती दोनदा म्हणाली. मग नाव घेऊ लागली, अंगठा बटणावर.

दुसऱ्या फेरीला थोरला तिकडून सांगत होता, "मागचं डावं चाक डुलतंय, नट नीट बसलेला नाही, आत येतो गं आई." माझ्या भावाने शब्द न् शब्द पाठवला. माझ्यापर्यंत पोचला असता, पण माझं तोंड उघडं आणि कान बंद. आईचं बोट उठलं तेव्हा शेवटचं शेपूट तेवढं कानावर आलं: "...येतो गं आई."

"आत्ता आठवलं होय," आई खूश होऊन म्हणाली. "ये, सावकाश ये."

थोरल्याला वाटलं, सगळे तयार आहेत. तो आला. मिस्त्री हात धूत होते. जावई चहाला गेलेले. जॅक शेजारच्या गाळ्यात उसना दिलेला.

"कोणी बोलावलं तुला?" मिस्त्री गरजले.

"आई 'ये' म्हणाली."

"तो 'येतो' म्हणाला, मी 'ये' म्हणाले," आई म्हणाली. "निघणाऱ्याला दुसरं काय म्हणतात?"

"अगं, तो निघत नव्हता, येत होता."

"मग 'येतो' कशाला म्हणाला?"

जावयांनी तोंड फिरवलं. हसू लपवायला, असा माझा अंदाज आहे. पण घाईघाईत नटाचा बोल्ट तुटला, आणि तो बदलून गाडी निघेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. मग कोणीच हसलं नाही. दोषी मी ठरलो. "हा डबाच भिकार आहे," मिस्त्री म्हणाले. ऐकून घेतलं. सवय आहे.

मग त्यांनी हुकूम काढला. "आता घोळ नको. पिटमध्ये यायचं असेल तरच 'येते'. फेरी मोजायच्या रेघेवरून सरळ पुढे जायचं असेल तर 'जाते'. समजलं?"

धाकटी हेल्मेट चढवत होती. तिने आईकडे पाहिलं.

शेवटचे चार तास धाकटीने गाडी अशी पळवली की गॅरेजपायी तिने आजवर चुकवलेल्या सगळ्या ट्यूशन मी मनोमन माफ केल्या. चार वाजायला चार मिनिटं कमी असताना तीनशे नव्याण्णवावी फेरी संपत आली. आणि लांबूनच दिसलं, बॉनेटमधून वाफ येतेय.

"बोलव तिला, पाणी घालू," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी स्वतःच घड्याळ पाहिलं. पाणी घालायला पाच मिनिटं. तेवढ्यात झेंडा पडणार आणि चारशेवी फेरी राहणार. न थांबावं तर इंजिन वाटेतच बसणार.

माझा दिवा लाल लुकलुकत होता. आईचा अंगठा, चोवीस तासांत पहिल्यांदा, बटणापासून लांब होता. ती ऐकत होती.

माझ्यातून धाकटीचा आवाज आला.

"आई, जाते."

लहानपणी याच शब्दासाठी तिला पाटावर बसवलं होतं. आईने मला तोंडाजवळ नेलं. तिने बटण दाबलं. ओठ "ये"साठी उघडले, मिटले.

"जा," ती म्हणाली. अगदी हळू. आणि बोट काढलं.

दिवा विझला. माझी बॅटरी तिथे संपली.

पुढची साडेतीन मिनिटं मी मुका आणि आई मला कानाशी धरून उभी. चारशेवं नाव तिने बटण न दाबता घेतलं. मग वळणावरून पांढऱ्या ढगात गुंडाळलेली आमची गाडी आली, झेंड्याखालून गेली, आणि रेघेपलीकडे थोड्या अंतरावर इंजिनाने कायमचे डोळे मिटले. शेवटून दुसरा नंबर. मिस्त्री जॅकवर बसून रडले.

त्या संध्याकाळी जेवताना धाकटीने विचारलं, "आई, तू शेवटी 'जा' म्हणालीस ना?"

"मी? मी कशाला असलं म्हणेन. 'ये'च म्हटलं मी. त्या डब्यात खरखर फार."

"बाबा?"

"मी घड्याळ बघत होतो," मिस्त्री म्हणाले आणि वाटीत बघत राहिले.

खरं काय ते ठाऊक असलेला साक्षीदार मी एकटा, आणि माझ्यात बॅटरी नाही. भाऊ गाडीबरोबर गॅरेजात पडून आहे. कधी सुतळी लागली की आई ड्रॉवर उघडते. मला जरा बाजूला सारते, आणि सारताना अंगठा बटणावर टेकवून पटकन उचलते.

बाई, तुमचं गुपित माझ्याकडे सुरक्षित आहे. पण कधीतरी दोन सेल घाला. मला कोणाला काही सांगायचं नाही. गॅरेजात भाऊ आहे, तो काय म्हणतो ते फक्त ऐकायचंय.