आधी पाइप, मग व्हॉल्व्ह

दादा प्लंबर होता आणि मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचो. त्यामुळे घरात काही गळायला लागलं की दादाला बोलवायचे, आणि काही ठरवायचं असलं की मला. दादाच्या कामाबद्दल मी चारचौघांत कधी बोलत नसे. लाज वगैरे नव्हती, विषय निघायचा नाही एवढंच. निघू नये याची काळजी मी घ्यायचो.

दादाचा एक नियम होता. नवा व्हॉल्व्ह बसवण्याआधी जुना पाइप साफ करायचा, नाहीतर पाइपातला गाळ नव्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो.

सत्तरीत दादाला दोन जिने चढताना धाप लागायला लागली. मग एक जिना चढताना, मग नुसत्या चपला घालताना. तपासणीत निघालं की हृदयातून रक्त बाहेर सोडणारी झडप कडक होऊन जेमतेम उघडते आहे. मांडीतल्या रक्तवाहिनीतून नवी झडप बसवायचं ठरलं. पण त्याआधीच्या अँजिओग्राफीत हृदयाच्याच एका रक्तवाहिनीत अडथळाही सापडला.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. त्रास झडपेचा आहे. अडथळा मुख्य ठिकाणी नाही, तो सध्या औषधांवर ठेवता येईल. स्टेंट टाकला तर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या लागतील, आणि दादाला पूर्वी अल्सर झालेला. "काही पेशंटना आम्ही आधी स्टेंट टाकतोही," त्या म्हणाल्या. "यांना मात्र मी आधी झडप बसवीन."

दुसऱ्या कुणाचं एवढ्यावर समाधान झालं असतं. मी वही काढली.

तुंबलेली वाहिनी तशीच ठेवून कोरी झडप बसवणं मला पटेना. "माझा भाऊ चाळीस वर्षं हेच काम करतोय," मी बाईंना सांगितलं आणि दादाकडे वळलो. "दादा, तूच सांग. आधी पाइप की आधी व्हॉल्व्ह?"

दादा खुर्चीच्या कडेवर पाहुण्यासारखा बसला होता. त्याने बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आधी पाइप," तो म्हणाला.

वहिनी हळूच म्हणाली की भाऊजी, बाईंचं ऐकू या का. मी तिला समजावून सांगितलं. समजावण्यात माझा हात कुणी धरणार नाही. बाई दोनदा नको म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्यांनी दादालाच विचारलं आणि त्याची सही घेतली.

स्टेंट उत्तम बसला. मी वॉर्डभर त्यामागचं तर्कशास्त्र सांगत फिरलो. समोरच्या खाटेवरच्या आजोबांनी झोपेचं सोंग घेतलं, तरी मी मुद्दा पूर्ण केला.

तीन आठवड्यांनी दादाच्या पोटात रक्तस्राव झाला. झडपेची तारीख पुढे गेली. रक्त चढवलं, तारीख आणखी पुढे गेली. एका दुपारी मी त्याच्या उशाशी बसून संत्रं सोलत होतो.

"एक सांगायचं राहिलंच," दादा म्हणाला. "टाकीचा व्हॉल्व्ह अडकून पाणीच खाली येत नसेल ना, तर पाइप धुणार कशाने? तेव्हा आधी व्हॉल्व्हच बदलायचा."

मी विचारलं, "मग तिथे का बोलला नाहीस?"

"तू एवढ्या शिकलेल्या बाईसमोर माझं काम सांगितलंस. पहिल्यांदाच. बरं वाटलं रे."

मी उरलेलं संत्रं सोललं. त्याने दोन फोडी खाल्ल्या.

नव्या तारखेला सहा दिवस असताना दादा गेला. आधी झडप बसवली असती तरी खात्री कुणालाच देता आली नसती, असं डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं. बाई चांगल्या आहेत.

गेल्या महिन्यात आमच्या टाकीचा व्हॉल्व्ह अडकला. नवा प्लंबर आला, वर चढून बघून आला आणि आधी काय करू म्हणाला.

"तुम्हाला ठीक वाटेल ते करा," मी म्हणालो.

तो माझ्याकडे संशयाने बघत राहिला. मग त्याने आधी व्हॉल्व्ह बदलला आणि नंतर पाइप धुतला. मी शेजारी टॉर्च धरून उभा होतो. मध्ये एक शब्द बोललो नाही.