फक्त घरापुरतं

ओइवा दुपारी अंगणातच झोपतो. उणे अकरा अंश असलं तरी बाबागाडीत, लोकरीच्या झोपपिशवीत. या उत्तरेकडच्या देशात सगळीच बाळं अशी झोपतात. त्याच्या पायाशी छोटा मायक्रोफोन, आणि खिडकीत तळहाताएवढा लिनक्सचा संगणक, त्याचा श्वास घरात आणणारा. तो श्वास ऐकत मी घटकाभर लिहीत बसते.

इंटरनेटवरून श्वास ऐकवणारी ही सेवा मी साऱ्या जगाला उघडी ठेवली होती, दूर औलू शहरात राहणाऱ्या माझ्या सासूबाईंना ऐकता यावं म्हणून. आज सहज यादी पाहिली तर ऐकणारे दोन. एक सासूबाई. दुसरं कोण?

माझा नवरा इल्मारी शुक्रवारपर्यंत बोटीवर. गाडीवर वाकून मी रोज ओइवाला तेच तर सांगत होते, बाबा येईपर्यंत आपण दोघंच हं.

मी नियम बदलला. 192.168 ने सुरू होणारे, म्हणजे आमच्या वायफायवरचे पत्ते तेवढे आत. बाकीच्यांना दार बंद. सेवा पुन्हा सुरू केली. लगेच फोन वाजला.

"अगं, तुझं यंत्र मुकं झालं," सासूबाई म्हणाल्या. "नातू घोरल्याशिवाय माझी कॉफी घशाखाली उतरत नाही, माहितेय ना?"

मला हसू आलं. म्हणजे कुलूप लागलं होतं. नंतर बोलते म्हटलं आणि यादी पुन्हा उघडली.

ऐकणारा एक. 192.168.1.23.

माझ्या लॅपटॉपचा शेवटचा आकडा दहा, फोनचा अकरा. तेवीस आमच्यात कुणीच नाही. आमचं वायफाय जेमतेम लाकडांच्या शेडपर्यंत पोचतं. तिथे भिंतीवर इल्मारीने पासवर्ड खडूने लिहून ठेवलाय.

खिडकीतून पाहिलं. शेडच्या फटीतून वाफ निघत होती. थोडी. थांबून पुन्हा थोडी.

एकशे बाराला कुजबुजत पत्ता सांगितला. पोलिसांना यायला वीस मिनिटं. मग नेहमीच्याच चालीत गुणगुणत बाहेर गेले. गाडीचं छत शेडच्या बाजूला होतं. त्याच्या आडोशाने वाकून ओइवाला झोपेतच कोटाच्या आत घेतलं. गाल गार, मान उबदार. उठू नकोस रे, एवढंच मनात.

रिकाम्या गाडीवर पांघरूण सारखं केलं आणि मायक्रोफोनपाशी म्हणाले, "झोप हं, सोन्या. आई तासाभराने येते."

आत येऊन कुलूप लावलं. यादी पाहिली. तेवीस अजून ऐकत होता.

मग, बघता बघता, ऐकणारं कुणीच उरलं नाही. बाहेर शेडचं दार करकरलं.