बारा शेळ्यांची ओळ

मी एक जुना चाकू आहे, मित्रांनो. पाते बोटभर, मूठ लाकडी आणि अंगावर एक डाग, जो राख लावून कितीही घासला तरी जात नाही. त्या डागाचीच ही हकिगत.

लोहाराने मला लालबुंद तापवून बडव बडव बडवले. तिथून मी एका लेखनिकाकडे आलो. तो धर्मग्रंथाच्या प्रती हाताने लिहून द्यायचा, त्याही कमावलेल्या कातड्याच्या पानांवर. कातड्यावरची शाई पुसता येत नाही, खरवडावी लागते. ते काम माझे. पण याच्या हातून चूक होईल तर शपथ! मी वर्षानुवर्षे नुसता बोरू तासत बसलो. "याचं अक्षर म्हणजे देवाचं अक्षर," असे लोक म्हणत आणि त्याला ते गोड लागे.

एका दुपारी त्याला लागोपाठ पाच-सहा शिंका आल्या. डोळे पुसून तो पुन्हा लिहायला लागला आणि आधीचीच ओळ दुसऱ्यांदा लिहून बसला. वंशावळीतली साधी ओळ होती ती: 'आणि त्याच्याकडे बारा शेळ्या होत्या.' त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने दार लोटले, माझ्या पात्याने ती ओळ खरवडली आणि जागा कोरी केली.

"कुणाला सांगू नकोस हं," तो मला म्हणाला. मी कुणाला सांगणार, कपाळ!

पुढे तो वारला. ती प्रत प्रार्थनाघरात राहिली आणि मी तिथल्या दिव्यांच्या वाती कापू लागलो. लेखनिकाचा नातू तिथली देखभाल करी, त्याला आपण दादा म्हणू. त्या कोऱ्या ओळीपाशी देव स्वतः बोलता बोलता थांबला, असे भाविकांनी ठरवून टाकले होते. लोक तिथे कपाळ टेकवत. दादा तर रोज टेकवे.

त्याची धाकटी बहीण, ताई, कॉलेजात इतिहास शिकवायची. तिचा देवावर विश्वास नव्हता. तिने वर्तमानपत्रात लिहिले की आजोबांनी नको असलेले वचन मुद्दाम खोडले. झाले! राईचा पर्वत झाला. तिच्या व्याख्यानात खुर्च्या उडाल्या, सभागृहाच्या दारवानाचा जबडा मोडला. तिचे विद्यार्थीही काही हात बांधून बसले नाहीत. त्यांनी एका म्हाताऱ्या भाविकाला जिन्यावरून ढकलले. दोन्हीकडच्यांनी डोक्यात राख घालून घेतली होती.

एका सकाळी ताई प्रार्थनाघरात आली. मी तेव्हा दादाच्या हातात होतो.

"दादा, ते पान खिडकीपाशी तिरकं धरलं की बोरूचे ओरखडे दिसतील. एकदा बघू दे."

"आजोबांना खोटारडे ठरवायला आलीस?"

"देव आहे की नाही, ते राहू दे बाजूला. तिथं काहीतरी लिहिलेलं होतं, एवढंच म्हणतेय मी."

तिने पान उचलले. मागे गर्दी जमलीच होती. कुणी तिचे केस धरले, कुणी पोटात लाथ घातली. शेजारचा शिंपी ओरडला, "काप तिचा हात!" आणि दादा धावला.

आपल्याला फक्त पान हिसकावायचे होते, असे दादा आजही सांगतो. मी त्याच्या मुठीत होतो, मित्रांनो. त्याने वारच केला. तीन बोटे, हाडापर्यंत. नको नको म्हणत मी आत गेलो.

रक्त पानावर सांडले. बोरूच्या जुन्या ओरखड्यांत ते मुरत गेले आणि कोऱ्या जागी लाल अक्षरे उमटू लागली. दादा ती मोठ्याने वाचत होता. "आणि त्याच्याकडे... बारा शेळ्या होत्या."

"वरच्या ओळीतही तेच आहे," ताई खाली बसत म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "दोनदा लिहिली गेली रे. चूक झाली होती, बस्स."

"म्हणजे आजोबांनी काही लपवलं नव्हतं."

"लपवलं की. चूक लपवली."

शिंप्याने मात्र गुडघे टेकले. "चमत्कार! रक्तातून अक्षरं आली!" दुपारपर्यंत तिथे बारा शेळ्यांचा गूढ अर्थ सांगणारेही उभे राहिले. ताईने चुकीचे लिहिले होते, ते तिने वर्तमानपत्रात डाव्या हाताने लिहून कबूल केले. ते फारसे कुणी वाचले नाही.

दादाने सदऱ्याची बाही फाडून तिचा हात बांधला होता. प्रार्थनाघराच्या किल्ल्या त्याने त्याच दिवशी परत केल्या. तो अजून प्रार्थना करतो, ती अजून करत नाही. रोज सकाळी तिच्या झग्याची बटणे तो लावून देतो, कारण तिला ती लावता येत नाहीत. तिने त्याला माफ केले का, ते मला माहीत नाही. अजून दादा म्हणते, एवढे खरे.

मी आता ताईच्या टेबलाच्या खणात असतो. मित्रांनो, मला कोरडे ठेवा, तेलाचे बोट लावा आणि रागावलेल्या हातात कधी देऊ नका. आणि काही खोडलेत, तर काय खोडले ते एखाद्याला तरी सांगून ठेवा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे माझा लेखनिक नेहमी म्हणायचा. त्याच्या नातीची मूठ आता मिटतच नाही.