मनातल्या मनात

बाबा परीक्षेत नापास झाले. शंभरपैकी शून्य. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आमच्या घरी तसंच ठरलं आहे.

तर, परीक्षेला तीन आठवडे होते. बाबा टेबलावर सराव-पुस्तिका उघडून, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात वाचत होते, "खालील उतारा काळजीपूर्वक वाचून प्रश्नांची उत्तरे द्या. समजलं का?"

"बाबा, 'समजलं का' तिथे छापलेलं नाहीये."

"सवय गं."

सवय सव्वीस वर्षांची होती. दस्त नोंदणीच्या कार्यालयात बाबांचं काम एकच. खरेदीखत, मृत्युपत्र, वाटणीपत्र, जे येईल ते सही करणाऱ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. दर परिच्छेदाला थांबून "समजलं का?" विचारायचं आणि समोरचे "हो" म्हणाले की पुढे सरकायचं. कार्यालयात त्यांना रेडिओ म्हणत. एकदा एका माणसाने वडिलांचं मृत्युपत्र बाबांच्या आवाजात ऐकलं आणि बाबांच्याच पाया पडून म्हणाला, "अप्पा, चुकलो." बाबांनी त्याला आशीर्वाद दिला, मग पान उलटून पुढचं कलम वाचलं.

नंतर कार्यालयात संगणकाचा बोलका पडदा आला. पडद्यातली बाई दस्त वाचते. तिला दम लागत नाही, खोकला येत नाही आणि कुणाला समजलं की नाही याची तिला फिकीर नसते. पाठोपाठ परिपत्रक आलं. वाचून दाखवणाऱ्यांची पदं रद्द. खात्याची परीक्षा पास होतील त्यांना दुसरं टेबल मिळेल, बाकीचे पहिल्या तारखेपासून घरी. शंभरपैकी ऐंशी गुण उताऱ्यांना होते. बाबा खूश झाले. वाचायचंच तर आहे! मग त्यांनी पाठीमागच्या सूचना वाचल्या. 'उमेदवाराने उतारे मनातल्या मनात वाचावेत.'

बाबांना मनात वाचता येत नाही.

म्हणजे अक्षरं दिसतात. पण त्यांच्याकडे अर्थ तोंडातून निघून कानात जातो आणि कानातून आत. तोंड बंद केलं की माल पोचतच नाही. "लग्न ठरल्यावर मी यांना पत्र लिहिलं होतं," आई सांगते, "ते आधी घरातल्या सतरा माणसांना कळलं, मग यांना."

शिकवणी माझ्याकडे आली. स्पर्धा परीक्षांत मी चार वेळा नापास झालेली, त्यामुळे या विषयातली घरातली तज्ज्ञ मीच.

"पहिला नियम, उतारा आधी वाचायचा नाही. आधी प्रश्न वाचायचे."

"ऐकल्याशिवाय प्रश्न पडतीलच कसे?"

"प्रश्न त्यांना पडलेत, बाबा. आपण फक्त उत्तरं शोधायची. दुसरा नियम, प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य नि शेवटचं वाक्य. मधलं सोडायचं."

बाबांनी पुस्तिका मिटली. "मधलं सोडलं असतं ना, तर एका म्हातारीचं राहतं घर गेलं असतं. तिला फसवणारं कलम बरोब्बर मधे लपवलं होतं."

"इथे कुणाचं घर जात नाहीये, बाबा."

बोलून गेले आणि मग आम्ही तिघंही भिंतींकडे बघत बसलो. घर खात्याचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना तोंडात पाण्याची गुळणी धरून वाचायला लावलं. उताऱ्याला सात मिनिटं. सात मिनिटांनी त्यांनी पाणी गिळलं.

"काय समजलं?"

"पाणी कोमट होतं."

पण हळूहळू जमू लागलं. दहापैकी दोन, मग तीन, मग एकदम सहा. सहा आले तेव्हा बाबा घाबरले. तोपर्यंत नापास होण्याची खात्री होती, आता आशा लागली. बोललो तर जमलेलं मोडेल म्हणून त्यांनी घरातही बोलणं बंद केलं. भाजी कुठली करू हे विचारायला आईला कागदावर चार पर्याय लिहून द्यावे लागायचे. बाबा गोल करायचे. एकदा त्यांनी 'यांपैकी नाही'ला गोल केला आणि खरंच जेवले नाहीत.

परीक्षेच्या सकाळी त्यांनी दोनदा अंघोळ केली. दुसऱ्यांदा का, विचारलं तर म्हणाले, पहिली आठवत नाही. सदऱ्याची बटणं मी लावून दिली.

रस्त्यात ते अचानक थांबले. "समजा, नाही झालो पास."

"होणार बाबा."

"धीर नको देऊस. अनुभव विचारतोय तुझा. नापास झाल्यावर पहिल्यांदा काय होतं?"

"पहिल्यांदा भूक लागते," मी म्हटलं. खरं तर लागत नाही.

फाटकावर रखवालदाराने पाण्याची बाटली काढून घेतली. "बाहेरचं पाणी आत नाही. तासाला एकदा मिळेल वर्गात."

"त्यांना लागतं हो, वाचताना," मी म्हटलं.

"ताई, सगळ्यांनाच घाम फुटलाय. पाणी कुणाकुणाला देऊ?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. लहान मुलाला शाळेत सोडून आईबाप निघाले की ते पाहतं, तसं. मग ओठ घट्ट मिटून आत गेले.

मी व्हरांड्यात, त्यांच्या वर्गाच्या खिडकीखाली बसले. घंटा झाली. मग ती शांतता पसरली. मी ती चार वेळा आतून ऐकली होती. बाहेरून जास्त भीती वाटते. पाच मिनिटं. दहा. वीस. मी मनात पुटपुटत होते, मिटा, मिटा, मिटा.

आणि आवाज आला.

आधी कुजबूज. "मुंग्या आपले वारूळ सहसा सोडत नाहीत." मग कुजबूज राहिली नाही. कार्यालयातला आवाज, भरदार, प्रत्येक शब्दाला त्याची जागा देणारा. मी खिडकीचे गज धरून उभी राहिले.

बाबांचं बोट ओळीवरून चाललं होतं. आपण बोलतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. वर्गातल्या पन्नाशीच्या चाळीस माणसांनी पेनं खाली ठेवली होती. कुणी हसत नव्हतं. पर्यवेक्षिका बाई त्यांना गप्प करायला तरातरा निघाल्या होत्या, त्या बाकापर्यंत पोचल्या आणि तिथेच उभ्या राहून ऐकू लागल्या. बाबांनी परिच्छेद संपवला, मान वर केली.

"समजलं का?"

"हो," अख्खा वर्ग म्हणाला. बाईंचा आवाजही त्यात होता.

बाबा पुढे वाचू लागले. आधी काही मुंग्या नवी जागा बघायला जातात. जागा पसंत पडली की परत येऊन इतरांना घेऊन जातात. दुसरा परिच्छेद झाला. "समजलं का?" "हो." मागच्या बाकावरच्या गृहस्थांनी डोळे पुसले. का, ते मला सांगता येणार नाही. उतारा मुंग्यांचा होता.

तिसऱ्या परिच्छेदाच्या सुरुवातीला बाईंना आपण कोण ते आठवलं. "अहो, थांबा! काय चाललंय हे?" त्यांनी वाक्याच्या मध्यातच कागद ओढला. बाबांचं बोट रिकाम्या बाकावर अजून पुढे सरकत होतं. ते थोडं गेलं आणि थांबलं.

ते बाहेर आले तेव्हा मी काही ऐकलंच नव्हतं.

"कसा गेला पेपर?"

"सोपा होता उतारा," बाबा म्हणाले. "सगळ्यांना समजला."

निकालानंतर त्यांनी एक अर्ज लिहिला, आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला आणि टपालात टाकला. तो असा:

'प्रति, मा. परीक्षा नियंत्रक. विषय: खंडित वाचन पूर्ण करू देण्याबाबत. महोदय, निकालाबद्दल माझी तक्रार नाही. तथापि उतारा क्रमांक एकचे वाचन तिसऱ्या परिच्छेदात "जुन्या वारुळात मागे राहिलेल्या मुंग्यांचे" या शब्दांपाशी खंडित झाले. सव्वीस वर्षांच्या सेवेत मी कोणतेही वाचन अर्धवट सोडलेले नाही. सबब विनंती की, त्या दिवशी हजर असलेल्या सर्व उमेदवारांस व पर्यवेक्षिकांस त्याच वर्गात पुन्हा बोलावून, उर्वरित उतारा वाचून दाखवण्याची परवानगी मिळावी. अंदाजे चार मिनिटे लागतील. दिवस व वेळ आपल्या सोयीने ठरवावी. पहिल्या तारखेपासून मी केव्हाही मोकळा आहे.'