काळी डबी

"वामनभाऊ, चावीला हात नाही लावला मी, अन् गाडी अपने आप बंद," पिकअपवाला दगा म्हणाला. "इच्छापूरच्या रस्त्यावर. मागून ट्रक. गाडीतली केळी गेलीच असती, मीबी गेलो असतो."

वामनने पिकअपच्या स्टिअरिंगखाली हात घातला. तिथली काळी डबी त्यानेच लावली होती. गाडी चोरीला गेली तर मोबाईलवरून इंजिन बंद करता येतं, असं सांगून त्याने बऱ्हाणपुरात एकतीस गाड्यांना ती बसवली होती. पासवर्ड मात्र डबीबरोबर आलेलाच ठेवला, एकापासून सहापर्यंत आकडे. गिऱ्हाईक विसरायला नको, असं तो म्हणायचा. खरं म्हणजे बदलायचं पान इंग्रजीत होतं, आणि चाळिशीत अक्षरं शिकलेल्या वामनला ते कुणाकडून वाचून घ्यायची लाज वाटली होती.

पुतणी गायत्रीने त्याचा मोबाईल पाहिला. "काका, कोणीतरी घुसलंय याच्यात. सकाळपासून एक-एक गाडी बंद करून बघतोय. पासवर्डपण चेंज करून टाकला. अब अपने हाथ में कुछ नहीं. वायरच कापायला लागेल."

दुपारपर्यंत सगळ्यांना फोन झाले. गाडी उभी करा, मी येतो. राहिला गिरधर. शाळेची व्हॅन चालवताना फोन उचलायचा नाही, हा त्याचा नेम. शाळा सुटून दहा मिनिटं झाली होती.

वामनने निंबोल्याच्या रस्त्याला स्कूटर पिटाळली. वळणावर व्हॅन दिसताच तो हात पसरून मधोमध उभा राहिला.

"मरनं हाये का?" गिरधर ओरडला.

"चावी काढ आधी."

वाकून त्याने वायर कापली, डबी उपटली. मग पोरांसमोरच सगळं सांगितलं, लाजेचंही. गिरधरने कापलेली वायर हातात घेऊन पाहिली.

"लावली तवा तू म्हणाला होता, आता चोराची चिंता नको."

"म्हणालो होतो."

"बस पुढं. शेवटचं पोर उतरेपर्यंत बस."

स्कूटर रस्त्याकडेला राहिली. व्हॅन जरा हळू झाली की वामन वळून मागून ट्रक येतोय का बघायचा. एकेक पोर उतरत गेलं. शेवटच्या मुलीने दप्तर ओढून घेतलं आणि रोजच्या सवयीने हात हलवला. "टाटा, काका."

वामनला हात उचलता आला नाही. मुठीत डबी होती. वायर तुटली, तरी आतल्या बॅटरीवर तिचा लाल दिवा लुकलुकत होता.