मालामोची काचपट्टी

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझ्या पेटीवर 'नजर गेलेली' असा कागद चिकटवलेला आहे. तो कागद खोटं बोलतो. तो कुणी चिकटवला आणि का, ते आज सांगतो. ऐकायला गोड लागणार नाही.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. काळं लोखंडी अंग, पितळेची चाकं आणि फिरत्या चकतीवर चार भिंगं. तिथून मी ग्रीसच्या दक्षिणेला, ऑलिव्हच्या बागांनी वेढलेल्या कास्त्रेली गावात आलो. तिथल्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात स्ताथिस नावाचा माणूस रक्त तपासायचा. वीस वर्षं तो रोज सकाळी मला मऊ फडक्यानं पुसत आला. लोक म्हणत, "स्ताथिसची नजर आणि त्याचं यंत्र, यातून काही सुटत नाही." मला अभिमान वाटायचा. नको तितका वाटायचा.

तुमच्या पुस्तकात पेशीचं रंगीत चित्र असतं. माझ्यासमोर येणारी पेशी कुणाच्या तरी बोटातून आलेली असते. तांबडी पेशी आपलं केंद्रक वाटेतच टाकून देते, कारण तिला प्राणवायू वाहायला जागा हवी असते. पांढऱ्या पेशींतल्या काहींचं केंद्रक तीन-चार तुकड्यांचं असतं, धाग्यानं जोडलेलं. भोवती दाणे असतात, आणि त्या दाण्यांत जंतू पचवणारे रस. पेशीला ताकद पुरवणाऱ्या तंतुकणिका रक्ताच्या पट्टीवर मला दिसत नाहीत. जे दिसत नाही ते दिसतं म्हणून कशाला सांगू?

पण एक गोष्ट मला दिसते. केंद्रकाच्या आत एक ठिपका असतो, केंद्रकी. तिथे रायबोझोम घडतात, आणि रायबोझोम प्रथिनं विणतात. लिम्फपेशी ही पांढऱ्या पेशींतलीच एक जात. रक्तात फिरणाऱ्या पोक्त लिम्फपेशीचं केंद्रक आवळून घट्ट झालेलं असतं, त्यात तो ठिपका सहसा दिसत नाही. कोवळ्या पेशीचं केंद्रक मोठं आणि मऊ असतं, ठिपका ठळक असतो. अशा पेशींनी हाडाच्या मगजात राहावं. त्या रक्तात गर्दी करू लागल्या की समजावं, रक्ताचा कर्करोग आहे.

हा ठिपका पाहायला माझं सर्वांत मोठं भिंग लागतं. भिंग आणि काचपट्टी यांच्यामध्ये खास तेलाचा एक थेंब टाकावा लागतो, नाहीतर उजेड फाकतो. हे तेल जिल्ह्याच्या भांडारातून यायचं. त्या वर्षी आलं नाही. स्ताथिसनं तीन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर आलं की अर्ज जुन्या नमुन्यातला आहे. दुसऱ्याला आलं की शिक्का चुकीच्या जागी आहे. तिसऱ्याला उत्तरच नाही. कुणाच्या तरी टेबलावर ते पत्र कॉफीच्या कपाखाली वाळत पडलं असेल. अशा लोकांना कुणी खुनी म्हणत नाही. मी म्हणतो.

नोव्हेंबरात ऑलिव्हचे घाणे सुरू झाले. झाबेता नावाची विधवा पहिल्या घाण्याच्या तेलाचा डबा घेऊन दवाखान्यात आली. दर वर्षी यायची. तिच्या मुलीचा, मालामोचा, स्ताथिस धर्मबाप होता. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यानंच झाबेताच्या झाडांचं तेल पोरीच्या अंगाला चोळलं होतं. त्या नात्यानं ती त्याला 'कुंबारे' म्हणायची.

"घे, कुंबारे. यंदाचं घशाला चांगलं झोंबतंय."

या गावात ते तेल कानात जातं, देवापुढच्या दिव्यात जातं आणि करकरणाऱ्या बिजागरीतही जातं. स्ताथिसनं डबा उघडून वास घेतला आणि हसला. "जर्मन लोक भिंगाचं ते तेल देवदारातून काढतात म्हणे. बिचारे. ऑलिव्ह नाहीत ना त्यांच्याकडे." त्यानं त्यातला एक थेंब काचपट्टीवर टाकला.

खरं सांगतो, पहिल्या दिवशी बरं दिसलं. पण हे तेल रोज संध्याकाळी औषधानं धुऊन काढायला हवं होतं. स्ताथिस फक्त कोरड्या फडक्यानं पुसायचा. शेजारी शेगडी पेटलेली असायची. जानेवारीपर्यंत माझ्या भिंगावर पिवळी, चिकट साय धरली. रोज थोडी थोडी, त्यामुळे त्याला कळलंच नाही. मला कळत होतं. मला तोंड नव्हतं.

त्याच महिन्यात झाबेता मालामोला घेऊन आली. पोर नऊ वर्षांची. अंगात ताप, मानेत गाठी, पायांवर निळे डाग.

"नोनो, हळू टोच," मालामो म्हणाली. धर्मबापाला ती 'नोनो' म्हणायची. "मागच्या वेळी बोट टोचलंस की बकरी कापलीस?"

"बकरी एवढी बडबडत नाही," स्ताथिस म्हणाला.

त्यानं पट्टी रंगवली, तेल टाकलं, पाहिलं. मग डॉक्टरीण व्हेनेतियाला बोलावलं. ती शहरातून सक्तीच्या गावसेवेवर आलेली, चाळीस दिवसांची नवी.

"यातून सगळं असंच धुरकट दिसतं का?" तिनं विचारलं.

"जुनं यंत्र आहे, डॉक्टरीणबाई. सवय लागते."

ती पुन्हा वाकली. तिला नीट दिसत नव्हतं. तसं म्हणायची तिला लाज वाटली. वीस वर्षं मुरलेल्या माणसासमोर चाळीस दिवसांची पोरगी काय बोलणार? "लिम्फपेशी वाढल्यात," ती म्हणाली. "ग्रंथींचा ताप असावा."

"मलाही तेच वाटतंय."

विश्रांती आणि लिंबू पिळलेलं कोंबडीचं सूप सांगून मालामोला घरी धाडलं. माझ्याखालच्या पट्टीवर तिच्या कोवळ्या पेशी गर्दी करून बसल्या होत्या. प्रत्येकीच्या केंद्रकात ठिपके होते, आणि माझ्या डोळ्यावर साय.

पाच आठवड्यांनी तिच्या नाकाचं रक्त थांबेना. तिला अथेन्सला नेलं. तिथे पहिल्याच पट्टीत कळलं. उपचार सुरू झाले, पण अंगात झुंजायची ताकद उरली नव्हती. ती गेली. स्ताथिसनं तिथल्या डॉक्टरांना विचारलं, "पाच आठवडे आधी आणली असती तर?" डॉक्टर म्हणाले, "आशा बरीच होती." उगाच खोटा धीर दिला नाही त्यांनी.

स्ताथिस परतला तो थेट माझ्याकडे आला. त्यानं मोठं भिंग औषधानं धुतलं. फडकं पिवळं झालं. जपून ठेवलेली जानेवारीची पट्टी त्यानं लावली, वाकला, आणि बराच वेळ वाकूनच राहिला. त्याचे डोळे माझ्या नळीवर गळत होते.

पोर गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी झाबेता मेलेल्यांसाठी शिजवतात ते गोड गहू वाटीत घेऊन आली. वाटी टेबलावर ठेवून म्हणाली, "मला दाखव."

"काय दाखवू, झाबेता?"

"तिचं रक्त. तुझ्याकडे आहे म्हणे."

त्यानं पट्टी लावली. शेळ्या राखणारी, शाळा न पाहिलेली ती बाई माझ्यावर वाकली. "या जांभळ्या गोलांत ठिपके आहेत," ती म्हणाली.

"तोच रोग."

"मला पहिल्या झटक्यात दिसले. तुला का नाही दिसले, कुंबारे?"

कोपऱ्यात तिच्या तेलाचा डबा होता. मला वाटलं, आता हा बोलेल. त्यानं डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"यंत्राची नजर गेलीय," तो म्हणाला. "कधी दिसतं, कधी नाही. भरवसा नाही त्याचा."

झाबेता मागे सरली. "मग याला इथे ठेवलंय कशाला?"

त्याच दुपारी पेटीवर तो कागद लागला.

मित्रांनो, मी त्याच्यावर खूप चिडलो. नंतर समजलं. खरं बोलला असता तर तिनं घरी जाऊन आपली झाडं तोडली असती, किंवा आपले हात. त्यानं तिला त्यापासून वाचवलं. पण त्या खोट्यानं भांडारवालेही वाचले. तीन पत्रं कुणी विचारली नाहीत. आणि पुढे स्ताथिसच्या जागी नव्या यंत्रावर जो बसला, त्याला भिंग कसं धुवायचं हे कुणी सांगितलं नाही. त्याच्याकडे कुणाची लेक तपासायला आली असेल, देव जाणे.

मला गावच्या शाळेत टाकलं. कांद्याची साल पाहायला चालेल म्हणाले. धूळ बसते, चाकं अडतात, पोरं माझ्यात पेन्सिली खुपसतात. परवा बाईंनी कांद्याची साल लावली आणि मुलांना रांगेत उभं केलं. खालून उजेड आत धाडणारा माझा आरसा भिंतीकडे फिरलेला होता. आत काळाकुट्ट अंधार होता. सतरा मुलांनी डोळा लावला आणि सतरा जण म्हणाले, "दिसलं बाई, केंद्रक दिसलं."

अठरावी एक बारीक चणीची मुलगी होती. तिनं पाहिलं, चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

"बाई, मला काही दिसत नाही."

वर्ग हसला. "आंधळी," कुणीतरी म्हणालं. मुलीचे कान लाल झाले, पण ती माझ्यापाशीच उभी राहिली.

माझी भिंगं धुवा, मित्रांनो, मला धुळीत ठेवू नका, एवढं मागणं आहेच. त्याहून मोठं मागणं हे, की तुम्ही त्या मुलीसारखं व्हावं. तिचं ऐकून बाईंनी स्वतः वाकून पाहिलं आणि हात घालून माझा आरसा उजेडाकडे फिरवला.